तारीख वाचली का?

मुलाणी भाऊसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि ताटातली भाकरी संपवली. कालवण गार झालं होतं म्हणून बायकोकडून पुन्हा वाढून घेतलं, हेही आठवतं. "कोण गेलं?" तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. माझा घास काही थांबला नाही. ज्या माणसाशेजारी एकोणीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो, तो गेल्यावर रडू यायला हवं होतं. आलं नाही. आजतागायत आलेलं नाही.

बारामतीच्या कडेला आमचं कॉलेज आहे. तिथल्या कचेरीत मी कारकून आणि ते हेडक्लार्क. आमच्याकडे हेडक्लार्कला नावानं हाक मारत नाहीत, भाऊसाहेब म्हणतात. आता त्या खुर्चीवर मी बसतो आणि लोक मला भाऊसाहेब म्हणतात. पहिले काही महिने कुणी हाक मारली की मी शेजारी बघायचो.

पण तालुक्यातली बरीच माणसं त्यांना कॉलेजमुळे ओळखत नाहीत, दुकानामुळे ओळखतात. इंदापुरात त्यांच्या धाकट्या भावाचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. निवृत्त झाल्यावर भाऊसाहेबांनी तिथल्या कोपऱ्यात, युरियाच्या पोत्यांना पाठ लावून एक टेबल टाकलं. टेबलावर जुना कॉम्प्युटर, प्रिंटर आणि तांबड्या पेन्सिलींचा डबा. बोर्ड-बिर्ड काही नाही. परदेशातल्या सरकारी विद्यापीठांत शिकायला जाऊ बघणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना ते त्या विद्यापीठांची माहिती वाचून दाखवत. एवढंच. फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा. त्यांच्या कुठं ओळखी नव्हत्या. स्वतःचा पासपोर्टही नव्हता. एकदा मेव्हण्याच्या लग्नाला हैदराबादला जाऊन आले होते, तेवढाच त्यांचा परदेश.

पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशात बडीशेपेची डबी. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला काढायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "समोर विद्यापीठ हाय की." हे ते गंमत म्हणून म्हणत की खरंच, ते मला कधी कळलं नाही. दुकानात कीटकनाशकांचा उग्र वास असे. दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायचे. त्यांच्यावर काही परिणाम नसे.

वांग्याचं नाहीतर दोडक्याचं बी घ्यायला आलेला माणूस पुडी खिशात घालता घालता म्हणायचा, "भाऊसाहेब, पोरगं म्हंतंय भाईर जायाचं." त्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कुठला देश, किती टक्के, असलं काही नाही.

"तारीख वाचली का?"

"कसली तारीख?"

"फॉर्म घ्यायचा बंद कवा हुतोय ती. बियाच्या पुडीवरची तारीख वाचून बी घेता, मग पोराच्या फॉर्मवरची का वाचत न्हाय?"

पुढंपुढं हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं की ते कुणालाही तसंच विचारत. कुणी लग्नाची पत्रिका आणून दिली आणि "यायचं बरं का" म्हणालं, की पत्रिका न उघडताच म्हणायचे, "तारीख वाचली का सगळ्यांनी? का नुसतीच वाटत सुटलाय?"

एकदा मी दुकानात असताना पिंपळीचे शिवाजीराव पोराला घेऊन आले. ढोबळी मिरचीवाले, मोठा कारभार. पुण्याच्या कुठल्याशा एजंटानं त्यांना एका परदेशी खाजगी कॉलेजचं गुळगुळीत पुस्तक दिलं होतं. पुस्तकात हिरवळीवर पोरंपोरी हसत बसलेली. भाऊसाहेबांनी ते पुस्तक चाळलं आणि मिटून पोत्यावर ठेवलं.

"शिवाजीराव, थोरलीचं स्थळ बघितलं तवा आधी काय बघितलं?"

"घराणं. दुसरं काय बघत्यात?"

"आनि हितं काय बघितलं?"

शिवाजीराव पोराकडं बघायला लागले. पोरगं पुस्तकाकडं.

"हितं फोटो बघितलं," भाऊसाहेब म्हणाले. "फोटो बघून पोरगी दिली असती का?"

मग त्यांनी चपला काढल्या आणि एका सरकारी विद्यापीठाचं पान उघडलं. अशा प्रत्येक पानावर वरच कुठंतरी त्या विद्यापीठाचा पूर्वेतिहास असतो. आपण तो सोडून थेट फीवर जातो. भाऊसाहेब तिथूनच सुरू करत. एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत, सावकाश, आणि लगेच आपल्या बोलीत.

"ही आधी शेतीची शाळा हुती. सरकारनं काढली. लढाईत पडली. परत बांधली. म्हंजी पडून उठलेलं घराणं हाय. असलं बरं असतंय." पुढं काहीतरी चैतन्यमय, बहुरंगी वातावरण वगैरे लिहिलं होतं. त्यावरून त्यांनी बोट झरकन पुढं नेलं. "हे सोडा. लग्नाच्या बायोडाट्यात मनमिळाऊ लिहित्यात तसलं हाय हे. हे सगळेच लिहित्यात."

"पन एजंट म्हनला, सरकारी म्हंजी तितं बी आपल्यासारखंच," शिवाजीराव म्हणाले.

"सरकारी म्हंजी कुनाच्या बापाचं न्हाय," भाऊसाहेब म्हणाले. "म्हनून तर आपल्याला दार लोटता येतं. खाजगी कुनाचं तरी असतं. त्यो कवा बी भाईर काढंल."

मग अटींचा भाग आला. तिथं त्यांचा आवाज बदलायचा. 'सब्जेक्ट टु', म्हणजे अमुक अट पाळली तरच, असा शब्द दिसला की तांबडी पेन्सिल बाहेर. "हितं थांबायचं. सगळी भानगड हितं असती." शेवटी तारीख. तारखेखाली दोन रेघा, आणि ते पान पोराच्या हातात न देता बापाच्या हातात. शिवाजीरावांचं पोरगं त्याच विद्यापीठात गेलं. एजंटाचं पुस्तक बरेच दिवस पोत्यावर पडून होतं, मग त्यावर मापाचा तराजू आला.

त्यांची फी म्हणजे एक कागद. तिथं पोचल्यावर सहा महिन्यांनी पोरानं एक पान लिहून पाठवायचं, की छापलेलं खरं निघालं का. "पोरगी दिल्यावर बी आपन शेजारीपाजारी विचारतोच की." ही पानं ते त्या त्या विद्यापीठाच्या माहितीशेजारी फाइलला लावत. मी ती वाचली आहेत. 'हिवाळा सौम्य' याच्यासमोर एकानं लिहिलं होतं, 'खोटं. नाकातलं पाणी गोठतं.' 'वसतिगृह उपलब्ध' याच्यासमोर, 'उपलब्ध आहे, पण आपल्याला नाही. घरून निघायच्या आधी सहा महिने नंबर लावा.' आणि 'कर्मचारी मदतीस सदैव तत्पर' याच्यासमोर एका मुलीनं लिहिलं होतं, 'खरं आहे. फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते बारा.' हे वाचून भाऊसाहेब इतके खूश झाले की मला मुद्दाम फोन केला. "गावडे, म्हंजी आपल्यासारखंच हाय की रे!"

हा असा माणूस. पण तो पहिल्यापासून असा नव्हता, आणि ते इंदापुरात फारसं कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

कॉलेजात असताना भाऊसाहेबांचं वाक्य वेगळं होतं. "नियमात बसवू." ज्यानं म्हणून फॉर्म भरला नाही, दाखला आणला नाही, तो खिडकीशी येऊन रडकं तोंड करायचा आणि भाऊसाहेब आतून म्हणायचे, "बस खाली. नियमात बसवू." आणि बसवायचे. त्यांच्यामुळे परीक्षेला बसलेली कितीतरी पोरं आज नोकऱ्या करतायत. यात त्यांची हुशारी होती, आणि थोडा आपल्याकडचा रिवाजही होता. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आपल्याकडे शेवटची नसते. मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, मग खास बाब म्हणून मुदतवाढ. आमच्या कचेरीत शेवटची तारीख उलटली की कामाला सुरुवात व्हायची. मी तर तिथंच वाढलो. काम आजचं आज केलं तर वरचे लोक संशयानं बघत.

मग अश्विनी आली. कळसची, आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. घरी टोमॅटो आणि मिरची. वडील किसनतात्या, दिल्या शब्दाचे माणूस. ती बीएस्सी होऊन वर्षभर घरी बसली होती. तिला मातीचं शास्त्र शिकायचं होतं आणि त्यासाठी जर्मनीतलं एक सरकारी विद्यापीठ तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. आमच्या कॉलेजातून परदेशी अर्ज करणारी ती पहिलीच. वडिलांनी तिला एक साल दिलं होतं. यंदा झालं तर झालं, नाहीतर लोणी भापकरचं स्थळ तयार होतं. हे तिनं खिडकीतूनच सांगितलं होतं, मला आणि भाऊसाहेबांना, दोघांनाही. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला आम्हाला जागा नाही.

तिला कॉलेजकडून एकच गोष्ट हवी होती. तिन्ही वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा. अर्जाबरोबर तिनं त्या विद्यापीठाचं पानही छापून जोडलं होतं. गुलाबी फाइल. ती माझ्या टेबलावर आली, कारण तसले उतारे मीच करायचो. जुनी रजिस्टरं काढायची, सहा सत्रांचे गुण उतरवायचे, कंटाळवाणं काम. मी ते आज करू, उद्या करू म्हणत ठेवलं. नऊ दिवस. दुसरं काहीही कारण नव्हतं. दुपारी डबा खाताना टेबल खराब होऊ नये म्हणून मी डबा त्या फाइलवर ठेवायचो.

मार्चची पंधरा ही तारीख. चौदाला ती आली आणि थेट भाऊसाहेबांपुढं उभी राहिली.

"भाऊसाहेब, उद्या बंद हुतंय."

"पोरी, बस. प्राचार्य पुन्याला मीटिंगला गेल्यात. परवा आलं की सही घेतो."

"परवा चालनार न्हाय. तितं लिहिलंय, तारखंनंतर आलेला अर्ज बघनार न्हाय."

भाऊसाहेब हसले. चांगल्या मनानं हसले, तिला धीर द्यायला. "तीस वर्षं बघतोय मी. लिहित्यात सगळेच. मग विलंब शुल्क लावत्यात. आपन भरू. नियमात बसवू."

"तितं असं न्हाय म्हनत्यात."

"सगळीकडं असतंच, पोरी."

तिनं जोडलेलं पान त्यांनी वाचलं नाही. फाइल माझ्याकडं होती आणि मी उघडली नव्हती. ती मग गेली.

सोळाला सही झाली. सतराला ती आली आणि कचेरीतल्या कॉम्प्युटरवर तिनं विद्यापीठाचं पान उघडून दाखवलं. अर्ज भरायची जागाच तिथं राहिलेली नव्हती. विलंब शुल्काचं बटण भाऊसाहेब बराच वेळ शोधत होते. वर, खाली, परत वर. मला ते अजून दिसतं.

त्या दिवशी त्यांनी तिथल्या प्रवेश विभागाला पत्र लिहिलं. कारकुनानं कारकुनाला लिहिलेलं पत्र. सविनय, विलंब क्षमापित व्हावा, चूक कचेरीची आहे, विद्यार्थिनीची नाही. रीतसर जावक क्रमांक टाकून ईमेल केलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या स्वारस्याबद्दल आभार, पुढील वर्षी अवश्य अर्ज करावा. भाऊसाहेबांनी ते छापलं, आवक रजिस्टरला नोंदवलं, आणि त्यावर पेन टेकवून बसून राहिले.

प्राचार्यांनी विचारलं, उशीर कुणाकडून झाला. भाऊसाहेब म्हणाले, "माझ्याकडनं ऱ्हायलं." मी तिथंच उभा होतो. मी काही बोललो नाही.

रविवारी आम्ही माझ्या मोटारसायकलवर कळसला गेलो. किसनतात्या रानात क्रेट भरत होते. अश्विनी टोमॅटो निवडत होती, कच्चे एकीकडं, पिकलेले एकीकडं. भाऊसाहेबांनी बांधावरच चपला काढल्या आणि तात्यांपुढं हात जोडले.

"तात्या, पोरीची चूक न्हाय. माजी हाय. एक साल अजून द्या."

तात्यांनी त्यांना क्रेट पालथा करून बसायला दिला. चहा मागवला. बराच वेळ ते क्रेटच्या कडा चाचपत राहिले.

"भाऊसाहेब, तुमच्याबद्दल मनात काय बी न्हाय. पन पाव्हन्यांना मी मे म्हैन्याची तारीख दिलीया. ती कशी फुडं ढकलू?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. तारीख पुढं जात नाही, हे त्यांना त्या आठवड्यात दुसऱ्यांदा कुणीतरी सांगत होतं.

निघताना अश्विनी माझ्याकडं आली. "माझा कागद झाला का?" मी पिशवीतून उतारा काढून दिला. तिनं दोन्ही बाजू बघितल्या, हात ओढणीला पुसले, कागद बांधावरच्या आपल्या पिशवीत घातला आणि पुन्हा टोमॅटो निवडायला बसली. मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. ऊन लागत होतं, एवढं आठवतं. मेमध्ये लग्न झालं, आम्हा दोघांना पत्रिका होती. भाऊसाहेब गेले, अक्षता टाकल्या, जेवून आले. मी गेलो नाही.

त्यानंतर "नियमात बसवू" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकू आलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढ्यात त्यांनी इंग्रजी शब्दकोश घेतला, कॉम्प्युटर शिकले, आणि दुपारच्या सुट्टीत एकेका विद्यापीठाचं पान वाचायला लागले. आमच्यातल्या काहींनी टिंगल केली, की म्हातारपणी भाऊसाहेब परदेशी निघाले. ते हसायचे आणि वाचत राहायचे. माझ्या टेबलावर फाइल दोन दिवसांवर राहिली की न बोलता उचलून स्वतः करायचे. मला एक शब्द कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि दरवर्षी फेब्रुवारीत ते लोणी भापकरला जायचे. त्याच विद्यापीठाचं, त्या वर्षीचं पान छापून, तारखेखाली दोन रेघा मारून. आधी लुनावर, नंतर एसटीनं. हे मला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी त्यांना गुडघ्यानं एसटीची पायरी चढवेना, तेव्हा मला म्हणाले, "गावडे, लोनीला सोडशील का?" आता माझ्याकडं चारचाकी होती. नाही म्हणता आलं नाही.

अश्विनीची तिथं भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा, मिरची, टोमॅटो, फ्लॉवर. नवरा साधा माणूस, ट्रे मोजत होता, हात उंचावून परत कामाला लागला. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. भाऊसाहेब विम्याचे माणूस आहेत असा त्यांचा दहा वर्षांचा समज होता. "यंदा बी आलं का पाव्हनं," त्या म्हणाल्या. "मला न्हाय काढायचा बाई इमा."

अश्विनीनं पाणी दिलं, चहा दिला. मला तिनं ओळखलं. भाऊसाहेबांनी ओट्याखाली चपला काढल्या, चष्मा लावला आणि पान वाचायला घेतलं. सगळं, पहिल्यापासून. शेतीची शाळा, लढाई, परत बांधली. मग अटी. "वयाची अट न्हाय. लग्न झाल्यालं चालतं. नवऱ्याला बी नेता येतं." मग तारीख.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पान घेतलं, घडी घातली आणि दारामागच्या बियांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. डबा उघडला तेव्हा मला आतली आधीची पानं दिसली, तशाच घड्या घातलेली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "दरसाल एवढ्या लांबनं येता. मी काय भरनार न्हाय, तुमाला म्हायती हाय."

"म्हायती हाय."

"मग कशापायी येता?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "तारीख सांगाया. तवा बरुबर सांगितली न्हवती."

ती उठून ट्रेवर पाणी मारायला गेली. सासूबाईंनी आम्हाला लसणाच्या दोन गड्ड्या दिल्या.

परत येताना मी त्यांना इंदापुरात दुकानाशी सोडलं. गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला. उतरल्यावर दार धरून वाकले, मला वाटलं आता काहीतरी म्हणणार, इतक्या वर्षांचं. म्हणाले, "लसूण ऱ्हायला बघ मागं." मी तो काढून दिला. त्यातली एक गड्डी त्यांनी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि पोत्यांमधून वाट काढत आत गेले. कॉम्प्युटरसमोर उभं राहून आधी एका पायातली चप्पल काढली, मग भावाच्या खांद्याचा आधार घेऊन दुसरी. मी गाडी वळवली. ते शेवटचं बघणं. पावसाळा संपता संपता ते गेले.

या फेब्रुवारीत दुपारी कचेरीत फोन वाजला. मी नुकताच डबा काढला होता.

"गावडे भाऊसाहेब का?"

"बोला."

"मी अश्विनी. लोनी भापकरहून. यंदा कुनी आलं न्हाय. तारीख काय हाय?"

मी म्हणालो, "बघून सांगतो. उद्या फोन करतो."

"उद्या नको. मी धरते फोन. आत्ता बघा."

मी कॉम्प्युटर चालू केला. आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेतो. पलीकडं पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज येत होता. तो ऐकत गप्प बसवेना.

"अश्विनीताई, एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालो. तिला मी ताई का म्हणालो, मला माहीत नाही. "तुमची फाइल तेव्हा भाऊसाहेबांकडं नव्हती. माझ्या टेबलावर होती. नऊ दिवस."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "गुलाबी. डब्याखाली हुती. मी रोज येऊन खिडकीतनं बघायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी जेवत हुता."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

पान उघडलं. मी वाचलं, "पंधरा मार्च."

"किती वाजता बंद हुतंय?"

"तिथल्या रात्री बाराला."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तिनं ते हळू हळू म्हटलं, लिहून घेताना म्हणतात तसं.

"भरणार आहात?" मी विचारलं.

"ते न्हाय म्हायती. तारीख पायजे हुती." मग म्हणाली, "पान छापून पाठवा. रेघा मारून."

फोन ठेवल्यावर मी पान छापलं. तांबडी पेन्सिल कचेरीत कुणाकडं नव्हती, म्हणून पेनानंच दोन रेघा ओढल्या आणि पाकीट करून शिपायाला लगेच पोस्टात पाठवलं. मग डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो खाली जाईना. पाणी प्यायलो, तरी जाईना. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.